भरती अकरा वाजता

सायकल म्हणजे काय, हे ठरवायला आमच्या सोसायटीला तीन सभा लागल्या. तिसऱ्या सभेत ठरलं की जिला दोन चाकं आणि घंटी आहे ती सायकल, आणि सायकल स्टँडमध्ये फक्त सायकलीच राहतील. हा सगळा खटाटोप माझ्या एकट्याच्या कयाकसाठी होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कयाक म्हणजे एका माणसाने बसून दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. माझी बारा फुटी आहे. पिवळी आहे. ती स्टँडमध्ये भिंतीला टेकून उभी असायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. सेक्रेटरीबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

बुधवारी सूचना फलकावर कागद लागला. ‘सहा महिने वापरात नसलेले कोणतेही वाहन भंगार समजून सोमवारी विकले जाईल.’ विकले जाईल! कोण विकणार? सूचनांमध्ये सगळं आपोआप होतं. हटवलं जातं, विकलं जातं, कळवलं जातं. करणारा कुणी नसतोच. खाली सही मात्र सेक्रेटरीची. त्याची स्वतःची स्कूटर चार वर्षांत जागची हललेली नाही. तिच्या सीटवर एका मांजरीच्या तीन पिढ्या वाढल्या. पण ती स्कूटर म्हणजे वाहन, आणि माझी होडी म्हणजे भंगार!

मी त्याच्या दारावर जाऊन ठणकावून सांगितलं, “माझी कयाक वापरात आहे.”

“कशात?” त्याने विचारलं.

आता इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कयाक सहा महिन्यांत पाण्याला लागली नव्हती. तिचं वल्हं वापरात होतं. आमच्या गॅलरीतली वरची दोरी उंच आहे आणि त्यावर कपडे वाळत घालायला हिला वल्ह्यासारखी दुसरी काठी मिळाली नव्हती. पण हे सेक्रेटरीला सांगण्यासारखं नव्हतं.

कयाक मुलीने दिली होती. ती परगावी नोकरी करते. लहानपणापासून तिने मला एकच गोष्ट करताना पाहिलंय म्हणे, गॅलरीत उभं राहून खाडीपलीकडच्या दीपगृहाकडे बघताना. “बाबा, बघत काय बसता, एकदा जाऊन या की,” असं म्हणून तिने ही बारा फुटी भेट पाठवून दिली. पहिल्या रविवारी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी माझी मान अवघडली. तिसऱ्या रविवारी तिचा फोन आला. “गेला होतात?” ती इतकी उत्सुक होती, की माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे काय! गेलो होतो की.”

बस्स. आणि एकदा गेलो म्हटल्यावर पुन्हा खरोखर जाण्यात काय अर्थ होता? पुढे दर रविवारी मी जाऊन आलो. फोनवर. एकदा मला बगळे दिसले. एकदा वारा उलटा होता, पण मी हार मानली नाही. एकदा तर मी दीपगृहाच्या एकशे अठरा पायऱ्या चढून वर गेलो. ती दर वेळी विचारायची, “आणि मग? आणखी काय दिसलं?” मला वाटायचं, पोरीला बापाचं केवढं कौतुक आहे!

आणि आता ती रविवारी संध्याकाळच्या गाडीने येणार होती. आल्या आल्या तिला त्या फलकावर काय दिसलं असतं? ‘सहा महिने वापरात नसलेले.’ कयाक गेली असती याचं दुःख होतंच, पण पोरीसमोर माझं तोंड काळं झालं असतं, आणि तेही सेक्रेटरीच्या हस्ताक्षरात. म्हणून मी ठरवलं की रविवारी सकाळी सायकलला कयाक जोडून खाडीवर न्यायची, पलीकडे जायचं, चालत दीपगृहापर्यंत पोहोचायचं आणि परत यायचं. सहा महिन्यांचं सगळं खोटं एका दिवसात खरं करून टाकायचं.

ही बातमी सोसायटीत कशी पसरली, मला ठाऊक नाही. मी फक्त हिला सांगितलं होतं. म्हणजे ठाऊक आहे.

पहिले आले ते कॅप्टन. तळमजल्यावर राहतात. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात आणि समुद्राविषयी काहीही असलं की त्यांना विचारतात. ते कॉलेजात व्हॉलीबॉलच्या संघाचे कॅप्टन होते, एवढाच त्यांचा आणि कॅप्टन या शब्दाचा संबंध. पण माणूस खुर्चीत असा रेलून बसतो की विचारायची हिंमत होत नाही.

“राव, खाडी म्हणजे खेळ नव्हे,” ते म्हणाले. “भरतीला निघायचं. भरती असली की पाणी तुम्हाला अलगद उचलून पलीकडे ठेवतं.”

“आणि भरती कधी असते?”

“रोज असते,” कॅप्टन म्हणाले, आणि मग त्यांना खोकला आला. “बंदर कार्यालयाला फोन करा ना. त्यांना सरकार पगार कशाचा देतं?”

पंक्चरवाल्याने प्रॅमची दोन जुनी चाकं एका लोखंडी पट्टीला जोडून कयाकसाठी गाडा बनवून दिला. “हे वजन घेईल का?” मी विचारलं. तो म्हणाला, “बाळाचं घ्यायचं की.” वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, की पाण्यात जाताना कानात कापूस घालावा. हिने माझा मोबाईल काढून कपाटात ठेवला. “तुम्ही बुडालात तर बुडालात, फोन नवा आहे.” तेवीस वर्षांच्या संसारात एवढं स्पष्ट बोलणारी माणसं फार थोडी उरतात.

शनिवारी मी बंदर कार्यालयाला फोन केला. तो संवाद मी जसाच्या तसा देतो. कारण नंतर माझ्यावरच असा आरोप झाला, की मी नीट विचारलं नाही.

“भरतीची चौकशी करायची होती,” मी म्हणालो.

“उद्या. सकाळी अकराला सुरू,” पलीकडचा कारकून म्हणाला.

“नक्की अकरा?”

“साडेदहाला हजर राहा. उशिरा येणाऱ्याला घेत नाहीत.”

समुद्राच्या शिस्तीचं मला कौतुक वाटलं. “आणि किती वेळ चालेल?”

“पाचपर्यंत. गर्दी बघून वाढवू.”

इथे मला शंका यायला हवी होती. पण मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात एकवीस वर्षं काढली आहेत. तिथे आम्ही नळाचं पाणी गर्दी बघूनच कमीजास्त करतो. सरकारी माणूस पाण्याविषयी असं बोलला तर मला त्यात काही वावगं वाटत नाही.

“मोठी आहे का या वेळची?” मी विचारलं.

“मोठी? अहो, सहा वर्षांनी होतेय! मागच्या वेळी वरून थांबवली होती.”

वरून. चंद्राचा आणि भरतीचा काही संबंध असतो, एवढं मला शाळेतलं आठवत होतं. मी मान डोलावली.

“वय काय तुमचं?” त्याने एकदम विचारलं.

“त्रेपन्न.”

“मग तुम्ही कशाला येताय?”

“का? त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने भरतीला जाऊ नये असा काही नियम आहे?”

“नियमच आहे. अठ्ठावीस.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी येणार,” मी म्हणालो. “बघू कोण अडवतो ते.” आणि फोन आपटला. ज्या देशात अठ्ठाविसाव्या वर्षानंतर समुद्रही आपला राहत नाही, तिथे माणसाने जगावं तरी कसं, यावर मी हिला अर्धा तास सुनावलं. ती वल्ह्याने चादर वाळत घालत होती.

रविवारी सकाळी मी निघालो. पुढे सायकल, मागे प्रॅमच्या चाकांवर बारा फूट कयाक. गॅलऱ्या भरलेल्या. सेक्रेटरी फाटकाशी घड्याळ बघत उभा. जणू मी त्याच्या परवानगीने चाललोय!

पहिल्या चौकात हवालदाराने शिट्टी मारली.

“हे काय आहे?”

“सायकल.”

“मागचं?”

“होडी.”

“होडी रस्त्यावर कशाला?”

“पाण्याकडे चाललीये. रस्त्यावर राहणार नाहीये ती.”

त्याने कयाकभोवती एक फेरी मारली. “मागे लांब सामान असलं की लाल फडकं लावायचं असतं. लाल फडकं कुठाय?”

माझ्याकडे एकच टॉवेल होता. सुदैवाने लाल. दुर्दैवाने एकच. तो मागच्या टोकाला बांधावा लागला. त्याचे परिणाम पुढे येतील.

त्यानंतर उतार लागला. उतारावर गाडा कसा वागेल, याचा पंक्चरवाल्याने विचार केला नव्हता. त्याचं गिऱ्हाईक उतारावरून बाळाला हाताने धरून नेत असणार. माझी कयाक आधी माझ्या मागे होती, मग माझ्या बाजूला आली, आणि मग तिने मला ओव्हरटेक केलं. दोघांमध्ये दोरी होती. त्यामुळे पुढचा दीडशे फूट रस्ता सायकल कयाकने ओढली आणि मी फक्त घंटी वाजवत होतो. सोसायटीच्या व्याख्येप्रमाणे दोन चाकं आणि घंटी, म्हणजे मी त्या वेळी कायदेशीर सायकल होतो.

खाडीच्या धक्क्यावर मी साडेदहाला हजर. उशिरा येणाऱ्याला घेत नाहीत ना! पाणी थोडं खाली होतं. मी मनात म्हटलं, अकराला भरणारच आहे. सायकल कठड्याला साखळीने बांधली, कयाक पाण्यात सोडली, आत बसलो आणि वल्हं मारलं. आणि खरं सांगतो, दहा मिनिटं फार छान गेली. नाकासमोर दीपगृह. वल्ह्यावर कपड्यांच्या साबणाचा वास.

अकराला पाच कमी असताना कयाक खाली कशावर तरी टेकली. मी वल्हं मारलं. वल्ह्याने चिखल वर आला. मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटांचा प्रश्न होता. मी हाताची घडी घालून बसलो.

अकरा वाजले. अकरा पाच झाले. पाणी वाढायचं सोडून माझ्या आजूबाजूने निघून चाललं होतं. सभा संपल्यावर लोक जातात ना, तसं. आधी थोडं थोडं, मग सगळं एकदम. सव्वाअकराला मी खाडीच्या मधोमध काळ्या चिखलात एका पिवळ्या सोफ्यावर बसलेला माणूस होतो.

थोड्या अंतरावर एक बाई वाकून शिंपल्या वेचत होती. ती टोपली कमरेला लावून जवळ आली.

“दादा, ओहोटीला कुठं निघालात?”

“ओहोटी नाहीये,” मी ठामपणे सांगितलं. “अकरा वाजता भरती आहे. बंदर कार्यालयाने स्वतः सांगितलंय.”

तिने चिखलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “समुद्राला कळवलं का त्यांनी?”

काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच.

“पाच वाजता भरेल आता,” ती म्हणाली. “तोवर बसा, नाहीतर उतरा. पलीकडचा काठ जवळ आहे. दोरी आहे का ओढायला?”

गाड्याची दोरी धक्क्यावर सायकलीपाशी राहिली होती. कयाकच्या मागच्या बाजूला एक गोल झाकणाचा कप्पा आहे. तो मी कधी उघडलाच नव्हता. उघडायला कशाला हवा, मी तर दर रविवारी फोनवरूनच जात होतो. झाकण फिरवलं. आत दोरी होती. दोरीखाली एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत लाल शिट्टी आणि चिठ्ठी.

‘बाबा, पहिल्या फेरीला दोरी लागेलच, म्हणजे हे सापडेल. शिट्टी गळ्यात घाला. आणि पलीकडे पोहोचलात की आधी मला फोन करा. मी वाट बघतेय.’

खाली सहा महिन्यांपूर्वीची तारीख.

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. सहा महिन्यांत मी तिला बगळे सांगितले, वारा सांगितला, एकशे अठरा पायऱ्या सांगितल्या. शिट्टीचं एका शब्दाने बोललो नव्हतो. आणि तिनेही विचारलं नव्हतं. ती फक्त विचारायची, “आणि मग? आणखी काय दिसलं?” पहिल्या थापेपासूनच तिला माहीत होतं. सहा महिने पोरगी माझी थाप गोड मानून ऐकत होती, आणि मला वाटत होतं मी तिला बनवतोय!

संताप झाला. पण कुणावर करायचा, तेच कळेना. असा बिनपत्त्याचा संताप फार वाईट. शेवटी मी तो बंदर कार्यालयाच्या पत्त्यावर टाकला, शिट्टी गळ्यात घातली आणि चिखलात उतरलो.

गुडघ्यापर्यंत गेलो. चपला तिथेच राहिल्या. अजून असतील. शिंपल्यावाली पुढे चालून कुठे पाय टाकायचा ते दाखवत होती, आणि मी मागे दोरी खांद्यावर घेऊन बारा फूट कयाक ओढत होतो. मधेच एकदा पडलो. पुढून. मग तोल सावरायच्या नादात मागून. टॉवेल हवालदाराच्या कृपेने आधीच चिखलात लोळत होता.

पलीकडच्या काठावर एक उतरता धक्का होता. तो चढून वर आलो आणि समोर बघतो तर मैदान. तीनशे जवान पोरं छातीवर नंबर लावून रांगेत उभी. एका टेबलामागे चष्मेवाला कारकून, हातात कर्णा. त्याच्या डोक्यावर कापडी फलक. ‘बंदर कार्यालय. खलाशी पदांची भरती.’

मी त्या फलकाकडे बघत राहिलो. शेवटची तीन अक्षरं नसती तर मी कोर्टात गेलो असतो. पण लिहिलेलं होतं. भरती.

“नंबर?” कारकून म्हणाला. आवाज लगेच ओळखला मी.

“तुम्ही मला अकरा वाजता भरती सांगितलीत!”

“अकरालाच सुरू केली. तक्रार काय आहे?”

“ही भरती?” मी मागच्या रिकाम्या खाडीकडे हात केला. “ती भरती विचारली होती मी! पाण्याची!”

त्याने कर्णा खाली ठेवला. मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली. “अहो, मग पाण्याची म्हणायचं ना! त्रेपन्न वर्षांचे तुम्हीच का?”

आता यात माझी काय चूक, सांगा. नोकरीत माणसं घेतात ती भरती, दवाखान्यात टाकतात ती भरती, समुद्र फुगतो तीही भरती. एवढ्या मोठ्या भाषेत दुसरा शब्द मिळाला नाही कुणाला? आणि बंदर कार्यालयात तरी भरती म्हटल्यावर पहिल्यांदा समुद्र आठवू नये?

मी म्हणालो, “मला बाहेर जायचंय. दीपगृहाकडे.” फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “आत आल्याची नोंद कुठाय?”

“मी समुद्राकडून आलो.”

“तिकडे नोंदवही नाही. नोंद नाही म्हणजे तुम्ही आत आलाच नाहीत. मग बाहेर कसे जाणार?”

बाहेर जाण्याचा कागद फक्त चाचणी संपवलेल्या उमेदवाराला मिळतो, असं कळलं. अर्धा तास वाद घातला. मी नियम मानणारा माणूस आहे, पण नियमानेही माणसाला मानावं की नाही? शेवटी कारकूनच कंटाळला. त्याने एक फॉर्म पुढे सरकवला आणि मी उमेदवार क्रमांक तीनशे बारा झालो. उंची मोजली. छाती मोजली. “फुगवा,” मोजणारा म्हणाला. “फुगवलीच आहे,” मी म्हणालो. बंदर अधिकारी फिरत फिरत आले आणि चिखलातल्या कयाककडे बघून थांबले.

“ही कुणाची?”

“माझी.”

“स्वतःची होडी घेऊन आलेला पहिलाच उमेदवार!” ते रांगेकडे वळून ओरडले. “बघा रे जरा!” आणि त्यांनी माझ्या कागदावर स्वतः लिहिलं: ‘नौकानयन: उत्तीर्ण. वय: बाद.’ गोल शिक्का मारला. सही केली. त्रेपन्न वर्षांत कुठल्याही साहेबाने माझ्या कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहिलेलं मला आठवत नाही. ‘बाद’ मात्र कुणी न विचारताच लिहितात.

दीपगृहापर्यंत मी अनवाणी चालत गेलो. तिथल्या राखणदाराला म्हणालो, “एकशे अठरा पायऱ्या चढून वर जायचंय.” तो म्हणाला, “पायऱ्या कुठल्या? आत लोखंडी शिडी आहे, आणि ती आमच्याशिवाय कुणाला चढू देत नाही.” मी दीपगृहाला पाठ टेकून पलीकडे बघत बसलो. लांब, सगळ्या इमारतींच्या मधोमध, आमची गॅलरी दिसत होती. दोरीवर चादर. एवढी वर्षं मी तिथून इकडे बघत होतो आणि इथून बघण्यासारखं तेवढंच होतं.

पाच वाजता पाणी आलं. खरं पाणी. कॅप्टनना एवढं मात्र बरोबर माहीत होतं, पाण्याने मला अलगद उचललं. अलीकडच्या धक्क्यावर माझ्या सायकलीशेजारी कुणीतरी बसलेलं दिसलं. जवळ आलो तर आमची कन्या. शेजारी तिची बॅग. हिने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणून ती स्टेशनवरून थेट इथे आली होती, घरी गेलीच नव्हती. घरी गेली असती तर आधी फलक वाचला असता.

तिने माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत वाळलेला चिखल, पायात चपला नाहीत, गळ्यात लाल शिट्टी. ती शिट्टीकडेच बघत राहिली.

“आज फोन नाही आला तुमचा,” ती म्हणाली.

“फोन तुझ्या आईने कपाटात ठेवलाय.”

“हं.” ती कयाकचं टोक धरून वर ओढायला लागली. मीही ओढायला लागलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आणि मग? आणखी काय दिसलं?”

“पायऱ्या नाहीयेत,” मी म्हणालो. “शिडी आहे.”

ती इतकी हसली की कयाक तिच्या हातातून सुटली आणि पुन्हा अर्धी पाण्यात गेली.

सोमवारी सकाळी मी सेक्रेटरीच्या दारावर जाऊन शिक्क्याचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो चारदा वाचला. वाहन वापरात असल्याचा सरकारी पुरावा, गोल शिक्का, सही, तारीख. त्याला शिक्क्यापुढे बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. “पण वय बाद लिहिलंय,” तो शेवटी म्हणाला.

“कयाकचं नाही,” मी म्हणालो. “आता स्कूटरचं बोला.”

घरी आलो तर मुलगी गॅलरीत उभी होती. कपडे वाळत घालायला आईला दुसरी काठी आणून दिली होती तिने. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“पुढच्या रविवारपर्यंत मी आहे इथे,” ती दीपगृहाकडे बघत म्हणाली. “दोघं जाऊ. तुम्ही कयाकमधून, मी भाड्याची एखादी बघते. बाबा, रविवारी भरती कधी आहे?”

“कसली,” मी म्हणालो, “ते आधी सांग.”